सभासद तोच, भूमिका वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत संगणक अभियांत्रिकीवर लेख आला होता. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत) नीट जमत नाही, अशी त्यात तक्रार होती. मी २६ वर्षे पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. माझ्या मते दोष मुलांचा नाही. हा विषय आपण त्यांना अर्धाच शिकवतो.

वर्गात उदाहरण ठरलेलं असतं. प्राणी हा क्लास, म्हणजे साचा; कुत्रा त्याचा वारस; कुत्र्याची मेथड, म्हणजे त्याला करता येणारं काम, भुंकणे. भुंकणं कुत्र्याला जन्मभराचं आहे, म्हणून ते तिथे शोभतं. जामीन राहणं मात्र सभासदाला जन्मभराचं नसतं. तो एका कर्जापुरता जामीनदार असतो, दुसऱ्या कर्जात स्वतः कर्जदार आणि निवडणुकीत मतदार. मी हे सगळं सभासद नावाच्या एकाच क्लासमध्ये कोंबत गेलो. तो तीन हजार ओळींच्या पुढे गेला. लाभांशाच्या हिशेबाला हात लावला की जामीनदारांच्या नोटिसा बिघडायच्या.

मग जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन रॅपर लिहिले, कर्जदार आणि जामीनदार. सभासदाचा ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या साच्यातून घडलेली त्याची नोंद, आत आणि त्यावर भूमिकेचं आवरण. सुटसुटीत वाटलं. महिन्याभरात एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला, "साहेब, करारनाम्यावर कर्जदाराची आणि जामीनदाराची सही एकच दिसतेय. तुमच्या प्रोग्रॅमने हे मंजूर कसं केलं?"

कर्जदार स्वतःलाच जामीन राहू शकत नाही, ही तपासणी मी लिहिलेली होती. पण ती दोन रॅपरची तुलना करत होती. आत माणूस एकच असला तरी मेमरीत आवरणं दोन, म्हणून प्रोग्रॅमच्या लेखी माणसंही दोन झाली. रक्कम अजून खात्यात गेली नव्हती, म्हणून निभावलं. सभासद क्रमांकाची तुलना घालून मी ते प्रकरण त्याच रात्री मिटवलं, पण मन स्वस्थ बसेना. भूमिका वेगळी करताना मी माणसाची ओळखच दुभंगून टाकली होती.

याचं उत्तर मला नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्व्हे रीन्सकाउग यांच्या लिखाणात सापडलं. ऑब्जेक्टची कल्पना मुळात नॉर्वेतलीच. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांची सिम्युला ६७ ही भाषा ऑस्लोत घडली. रीन्सकाउग यांनी १९७९ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (माहिती, ती दाखवणं आणि वापरणाऱ्याच्या सूचना वेगळ्या ठेवणारी रचना) मांडलं, ते आज प्रत्येक वेब प्रोग्रॅमरला तोंडपाठ असतं. पण त्यांनीच जेम्स कोप्लियन यांच्यासोबत २००९ मध्ये डेटा-कॉन्टेक्स्ट-इंटरॅक्शन या मांडणीवर लेख लिहिला, तो आपल्याकडे फार थोड्यांनी वाचला आहे. त्यांचं उदाहरण साधं आहे: एका खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवणे. खात्याला फक्त शिल्लक, जमा आणि नावे (रक्कम वजा करणं) एवढंच कळतं. देणारं कोण, घेणारं कोण आणि पुढे काय घडतं, हे त्या व्यवहाराच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्या प्रसंगासाठीच्या वेगळ्या भागात, लिहायचं. व्यवहार संपला की भूमिका संपली. खातं होतं तसंच राहतं.

मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला हे समजायला अवघड जाऊ नये. 'पतसंस्थेने सुमनला कर्ज दिलं' आणि 'सुमनने हप्ता भरला' ही दोन वाक्यं घ्या. सुमन तीच. पहिल्या वाक्यात ती संप्रदान, म्हणजे जिला दिलं ती; दुसऱ्यात कर्ता. 'ला' आणि 'ने' तिच्या नावाला कायमचे शिवलेले नाहीत, ते त्या-त्या वाक्यापुरते लागतात. आपण विभक्तीचा तक्ता घोकून घेतो आणि अकरावीनंतर विसरून जातो, याचं मला वाईट वाटतं.

अडचण आहे, ती लपवत नाही. चालू ऑब्जेक्टला तेवढ्यापुरती भूमिका द्यायची आणि काढून घ्यायची, अशी थेट सोय जावात नाही. रुबी या भाषेत 'एक्स्टेंड' करून, म्हणजे चालू ऑब्जेक्टला जास्तीच्या मेथड्स जोडून, भूमिका चढवता येते, पण ती उतरवायची सरळ वाट तिथेही नाही. मी शेवटी कर्जमंजुरी नावाचा क्लास केला. त्यात कर्जदार आणि दोन जामीनदार अशा तीन जागा. प्रत्येक जागी सभासदाचा मूळ ऑब्जेक्टच येतो, मध्ये आवरण नाही, आणि जामीनकीचे सगळे नियम त्या क्लासच्याच मेथड्समध्ये. एकच सभासद दोन जागी बसला की तुलना तिथेच पकडते. सभासद क्लास चारशे ओळींवर आला. शिवाय कर्जमंजुरीत काय-काय घडतं, ते नव्या मुलाला एका फाइलमध्ये सलग वाचता येऊ लागलं. मला याचं मोल सर्वांत जास्त वाटतं. लहानशा प्रोग्रॅमला हा खटाटोप नको, हेही खरं.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की कुत्र्या-मांजराचं उदाहरण पहिल्या तासाला खुशाल ठेवा, पण प्रात्यक्षिकात हे जामीनदाराचं प्रकरण द्या. नावं काढून टाकलेला माझा जुना, चुकलेला कोड मी जपून ठेवला आहे. कुणा शिक्षकांना हवा असेल तर देईन, बोलावलं तर वर्गावर येऊन समजावूनही सांगेन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

आपला,
एक निवृत्त प्रोग्रॅमर, सांगली