गोंगाट म्हणा, पण आधी ऐका तरी

मा. संपादक,

आपल्या पेपरात हेवी मेटल या रॉक संगीताच्या प्रकाराचं नाव आलं की शेजारी 'कर्णकर्कश' हा शब्द ठरलेलाच. खरं तर भांडायचा हक्क मला उरलेला नाही, कारण मी स्वतःच मेटल ऐकणं सोडून बारा-पंधरा वर्षं झाली. सोडलं म्हणजे ठरवून नाही हो, सुटलं आपोआप. मेटलच्या प्रकारांत थ्रॅश भारी की डेथ यावर मित्रांशी रात्र-रात्र वाद घालणारा मी, एक दिवस लक्षात आलं की महिनाभर त्यातलं काहीच लावलेलं नाही आणि काही अडलंही नाही.

तरी लिहितोय, कारण ज्याला तुम्ही गोंगाट म्हणता ना त्याची गोष्ट लोकांना माहीतच नसते. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारिस्ट, सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! दुसरा कोणी असता तर गिटार माळ्यावर टाकली असती. याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं लावलं, तारा पातळ घेतल्या, पुढे गिटार खालच्या सुरात लावायला लागला म्हणजे तारा सैल पडतात आणि दुखऱ्या बोटांना सोपं जातं. ब्लॅक सॅबथचा तो जडशीळ आवाज असा घडत गेला. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा समीक्षकांनीही झोडपलंच होतं म्हणा, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

आणि पोरं बिघडतात म्हणणाऱ्यांनी तर कोर्टही करून पाहिलं, १९९० साली अमेरिकेत ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडवर गाण्यात छुपे संदेश घातल्याचा खटला चालला, जजने दावा फेटाळला. असो.

मी पण गिटार वाजवायचो, वाईट वाजवायचो. पण एक गोष्ट जमली होती, पाम म्यूट. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे, हलकी टेकवायची आणि पिक, म्हणजे तार छेडायची चकती, फक्त खाली मारत राहायचं, की सूर पसरत नाही, दाबल्यासारखा जागीच धुमसतो. हात जरा पुढे सरकला की नुसती ठकठक, मागे सरकला की सगळं बोंबलतं, मधली बोटभर जागा सापडायला मला वर्ष लागलं. गिटार कधीच विकली पण मीटिंग लांबली की हाताची कड आजही टेबलावर तशीच टेकते आणि अंगठा चालू होतो, शेजारचा बघायला लागला की मी पेन उचलतो.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर सॅबथचे चौघे मूळ मेंबर शेवटचे एकत्र आले. त्यांचा गायक ओझी ऑस्बर्नला पार्किन्सन्स, उभं राहणं जमत नव्हतं, खुर्चीत बसून गायला, आणि २२ तारखेला गेलाच. त्या रात्री मी हेडफोन घालून जुने अल्बम काढले, एकच ऐकायचा होता, पाच झाले, घरचे झोपलेले म्हणून आवाज न करता मान मात्र पूर्वीसारखी हलवली. सकाळी मान वळेना. ऑफिसात सांगितलं, उशी बदललीये.

आपला,
एक जुना वाचक