पडद्यावरचे जेवण आणि पाहणाऱ्याची भूक

संपादक महोदय,

पाच-सहा जणांना पुरेल इतके अन्न समोर मांडून एकच माणूस ते कॅमेऱ्यापुढे संपवतो आणि लाखो लोक ते पाहत बसतात, या प्रकाराची बहुधा थट्टा होते किंवा त्यावर खादाडपणाचा शिक्का मारला जातो. टीकेचा सगळा रोख खाणाऱ्यावर असतो. पाहणारे कोण आहेत, याची चौकशी केली तर मात्र काळजीचे कारण वेगळ्याच ठिकाणी सापडते, म्हणून हे पत्र.

‘मुकबांग’ या नावाने ओळखले जाणारे हे व्हिडिओ २०१०च्या सुमारास दक्षिण कोरियातील आफ्रिकाटीव्ही या थेट प्रक्षेपणाच्या मंचावर लोकप्रिय झाले. त्या देशात आज सुमारे एक तृतीयांश घरांत एकच माणूस राहतो आणि चारचौघांत बसून जेवण्याची सवय असलेल्या समाजात एकट्याने जेवणे अनेकांना जड जाते. पडद्यावरच्या माणसाबरोबर आपले ताट घेऊन बसायचे, त्याला संदेश पाठवायचा आणि त्याने तो वाचून उत्तर दिले की आपल्याशी कोणीतरी बोलले असे वाटायचे, ही सोबत खोटीच आहे असे मी म्हणणार नाही. दूरचित्रवाणीवरील व्यक्तींशी प्रेक्षकांचे असे एकतर्फी नाते जडते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी १९५६ मध्येच मांडले होते. थेट प्रक्षेपणात समोरून उत्तर मिळू शकते. अर्थात त्यासाठी अनेकदा पैशाची भेटही पाठवली जाते, हा भाग निराळा. काही जण केवळ चावण्याच्या आणि कुरकुरण्याच्या आवाजासाठी हे व्हिडिओ लावतात. तोच आवाज इतर अनेकांना सहन होत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मुद्दाम कमी खाणारा प्रेक्षक. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचे परिणाम नोंदवले. हे सर्वजण स्वेच्छेने प्रयोगात उतरले होते. वजन घटणे अपेक्षितच होते, पण त्याबरोबर त्यांच्यापैकी अनेकांच्या मनाचा अन्नाने असा ताबा घेतला की ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, जमवू लागले आणि जेवणाखेरीज दुसऱ्या विषयात त्यांचे मन रमेना. कडक आहारावर असलेली व्यक्ती रात्री उशिरापर्यंत दुसऱ्याचे जेवण पाहत बसते, तेव्हा तिला हावरट ठरवण्याआधी हा प्रयोग आठवावा.

अशा व्यक्ती आपल्या पाहण्याचे समर्थन करताना ‘पाहूनच पोट भरते’ असे सांगतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांच्या २०१० मधील प्रयोगांत, एखादा खाद्यपदार्थ एकेक करून तीस वेळा खात असल्याची कल्पना करणाऱ्यांनी नंतर तो खरोखरच कमी खाल्ला, हे खरे आहे. परंतु तेथे प्रत्येक घास स्वतः खाल्ल्याची एकाग्र कल्पना होती. अन्नाचे केवळ दर्शन तर तोंडाला पाणी आणते आणि भूक चाळवते. यूट्यूब व रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरील प्रतिक्रिया तपासून स्वीडनमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही परिणाम एकाच दिशेचा आढळला नाही. काहींचा एकटेपणा आणि खाण्याबद्दलची अपराधी भावना कमी झाली, काहींना बेसुमार खाणे टाळता आले. पण काहींना न खाण्यालाच बळ मिळाले आणि काही जण ताबा सुटून खाण्याच्या जुन्या आजाराकडे परत गेले. एकच व्हिडिओ एकाला आधार देतो आणि दुसऱ्याला आजारात लोटतो, हे मान्य केल्याखेरीज या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

त्यातच पडद्यावर दिसते ते संपादित जेवण असते. एरवी ती व्यक्ती किती उपाशी राहते, जेवणानंतर तिची काय अवस्था होते आणि चित्रीकरणातून कोणता भाग कापला गेला, हे प्रेक्षकाला कळत नाही. सडपातळ व्यक्ती डोंगराएवढे अन्न खाऊन हसत निरोप घेते, तेव्हा आपल्याच शरीरात काही दोष असावा, असा समज कमी खाऊन कष्टी झालेल्या मुला-मुलींचा सहज होतो.

बंदी हा यावर उपाय वाटत नाही. चीनने एप्रिल २०२१ मध्ये केलेल्या कायद्यात बेसुमार खाण्याच्या व्हिडिओंच्या प्रसारणासाठी एक लाख युआनपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो कायदा अन्नाची नासाडी रोखण्यासाठी आहे; पाहणाऱ्याच्या मनाशी त्याचा संबंध नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारने २०१८ मध्ये लठ्ठपणाविरोधी आराखड्यात अशा प्रक्षेपणांसाठी मार्गदर्शक सूचनांचा विचार मांडला, तेव्हा लोकांच्या आवडीनिवडीत सरकारने नाक खुपसू नये, अशी टीका झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती.

त्यापेक्षा दोन गोष्टी व्हाव्यात. एक व्हिडिओ संपताच तसाच दुसरा पुढे करणाऱ्या मंचांनी हा संपूर्ण विषय आपल्या शिफारशींतून कायमचा बंद करण्याची सोपी सोय द्यावी, कारण खाण्याच्या विकारातून बरे होऊ पाहणाऱ्याने प्रत्येक व्हिडिओ वेगळा नाकारत बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आणि आहारतज्ज्ञांनी व मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णाला दिवसभरात काय खाल्ले हे विचारतानाच, खाण्याचे काय पाहिले, कोणत्या वेळी पाहिले आणि पाहून झाल्यावर काय केले, हेही न हसता विचारावे.

आपला,
एक वाचक