ताण घेऊ नका, हे सांगायचं कुणाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गरोदर बाईने ताण घेतला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक (हॉर्मोन) वाढतं आणि बाळाला अपाय होतो, असं सांगणारा कालच्या पुरवणीतला लेख आधी माझ्या लेकीने वाचला, कारण तिच्या सासरच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकला होता. रात्री कामावरून परतताना गाडीतूनच तिचा फोन आला. “आई, माझ्या टेन्शनमुळे बाळाला काही होईल का गं?” सातवा महिना चालू आहे तिला. रडत होती.

लेखातली माहिती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मी ठाण्यातच प्रसूतिगृहात परिचारिका होते. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहणं आणि बाळाचं वजन कमी भरणं किंवा दिवसांआधी प्रसूती होणं यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. पण अर्धीच गोष्ट का छापलीत? गरोदरपणात कॉर्टिसॉल आपसूकच वाढतं. शेवटच्या तीन महिन्यांत एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतं आणि बाळाची फुप्फुसं तयार व्हायला कॉर्टिसॉल लागतंच. शिवाय वारेत, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणाऱ्या अवयवात, एक एन्झाइम असतं. आईकडून येणारं बरंचसं कॉर्टिसॉल ते निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलून टाकतं, म्हणून बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षा कितीतरी कमी असतं. एवढं लिहिलं असतंत तरी माझी लेक काल झोपली असती. घरात एखाद दिवशी शब्दाला शब्द लागला किंवा लोकल चुकली, म्हणून बाळाचं नुकसान होत नाही.

“आनंदी राहा, ताण घेऊ नका” हे तुम्ही सांगता कुणाला? माझी लेक ऐरोलीला कामाला आहे. शिफ्ट रात्री अकराला सुटते. सकाळची शिफ्ट द्या म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी दिली, त्यावर साहेब “बघू” म्हणाले आणि अजून बघतच आहेत. वर घोडबंदर रोड! मेट्रोच्या कामात गाडी अडकली की हलत नाही, आणि हलली की खड्डे. पोटाला हात धरून बसते ती. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात, हे मला ठाऊक आहे. पण रजा सुरू होईपर्यंतचे महिने कसे काढायचे? तो ताण कमी करणं साहेबाच्या, नवऱ्याच्या, सासरच्या माणसांच्या हातात आहे. त्यांना उद्देशून तुमच्या लेखात एक ओळ नाही. सगळा दोष पोट घेऊन वावरणाऱ्या बाईच्या माथी.

आणि सगळ्यात संताप आला तो शेवटच्या चौकटीचा. मन शांत राहावं म्हणून रोज ज्येष्ठमधाचा काढा घ्या म्हणे! ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन वारेतल्या नेमक्या त्याच एन्झाइमला अडवतं. म्हणजे ज्या कॉर्टिसॉलची भीती घालायला अर्धं पान खर्च केलंत, त्याचीच वाट मोकळी करून दिलीत. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या आवडीने खातात. गरोदरपणी त्या भरपूर खाल्लेल्या आयांची मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर बुद्धिमापन चाचण्यांत मागे दिसली, असा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदर बायकांनी ते टाळावं, असा तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्लाच आहे. ज्येष्ठमध जास्त झालं की रक्तदाबही वाढतो, आणि सातव्या-आठव्या महिन्यात वाढलेला रक्तदाब काय करतो ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे. खोकल्याला एखादी काडी चघळली असेल तर कुणी घाबरू नये. पण रोजचा काढा नको, आणि डॉक्टरांना न विचारता तर मुळीच नको.

लेखाखाली लिहिणाऱ्याचं शिक्षणही दिलेलं नाही. आरोग्यावरचं लेखन छापण्याआधी ते कुणा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नजरेखालून घालण्याची पद्धत तुमच्याकडे आहे की नाही?

ज्येष्ठमधाबद्दलची दुरुस्ती उद्याच्या अंकात, त्याच पानावर, चौकटीत आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. ग्रुपवर मी ती स्वतः टाकीन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मानपाडा, ठाणे (प.)