हॅलोविनच्या ऑर्डरमधल्या 'व्हेज' जेलीत जिलेटिन निघाल्याबद्दल तक्रार

एडिसन, न्यू जर्सी
2 नोव्हेंबर

प्रति,
व्यवस्थापक, केटरिंग विभाग

विषय: 31 ऑक्टोबरच्या ऑर्डरबाबत तक्रार

महोदय,

ऑर्डर देताना आपलं बोलणं मराठीतच झालं होतं, म्हणून तक्रारही मराठीतच लिहिते आहे.

आमच्या वाचनगटाची हॅलोविन पार्टी होती. 24 माणसं, त्यांतली 9 शाकाहारी. प्रत्येक पदार्थ कुठल्या ना कुठल्या भयकथेतून आलेला हवा, ही आमची हौस. कोणत्या पुस्तकातलं काय, हे मी तीन पानं लिहून तुम्हाला पाठवलं होतं. ती कुणी उघडली असतील असं आता वाटत नाही.

'ड्रॅक्युला' या कादंबरीतल्या डायरीच्या पहिल्याच नोंदीत जोनाथन हार्कर हॉटेलात पॅप्रिका घातलेली कोंबडी खातो, मग रात्रभर पाणी पीत बसतो, आणि तरीही आपल्या वाग्दत्त वधूसाठी, मीनासाठी, कृती मिळवायची असं टिपून ठेवतो. ती कोंबडी मागितली होती. आलं ते लालभडक बटर चिकन. सोबत शवपेटीच्या आकाराचा गार्लिक ब्रेड आणि त्यावर चिठ्ठी, 'काउंटची आवड'. काउंट म्हणजे ड्रॅक्युला, लसणापासून लांब पळणारा रक्तपिपासू. लसूण, आणि काउंटची आवड! पण ते हसण्यावारी नेलं.

जेलीचं तसं नाही. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला (1818) तो निनावी जीव शाकाहारी आहे. हिरवं तोंड आणि मानेतले खिळे सिनेमावाल्यांनी दिले. पुस्तकात तो त्याला घडवणाऱ्या फ्रँकेन्स्टाइनला सांगतो की पोटासाठी मी कोकरू-करडू मारत नाही, ओकची फळं आणि रानातल्या बेरी मला पुरतात. म्हणून त्याच्या नावाने बेरी घातलेली, मेंदूच्या आकाराची जेली ठरली, आणि ती चायना ग्रासची, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या, शाकाहारी चालणाऱ्या पदार्थाची. फोनवर मी हे दोनदा सांगितलं. ऑर्डरच्या कागदावर 'व्हेज' हे अक्षर तुमच्याच माणसाचं आहे.

सासूबाई सध्या सांगलीहून आमच्याकडे आल्या आहेत. वाटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "चायना ग्रासचीच ना गं?" तुमच्या भरवशावर मी हो म्हटलं. तासाभरात हीटरच्या उबेने मेंदू खाली बसायला लागला, ताटलीत ओघळ आले. चायना ग्रास एकदा घट्ट झाला की खोलीतल्या उबेने पातळ होत नाही, त्याला जवळजवळ उकळीची उष्णता लागते. जिलेटिन मात्र जिभेवरसुद्धा विरघळतं. शंका आली म्हणून फोन केला, तर तुमच्याकडचा मुलगा अगदी सहज म्हणाला, "जिलेटिनच आहे, जेलीत तेच घालतो आम्ही." डुकराच्या नाहीतर गुरांच्या कातड्या-हाडांपासून बनतं ते. तोवर सासूबाई धरून चौघांचं खाऊन झालं होतं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसता उपास केला. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

धूर काढायला दिलेल्या ड्राय आइसच्या (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या) पाकिटावरही फक्त 'पंचमध्ये टाका' एवढंच. उणे 78 अंशांचा तुकडा मुलांच्या पेल्यात गेला असता तर काय झालं असतं, हे ज्याने ते लिहिलं त्याला एकदा विचारा. आम्ही पाकीट फोडलंच नाही.

जेलीचे 110 डॉलर मला पूर्ण परत हवेत. त्या दिवशीच्या बाकीच्या शाकाहारी पदार्थांत काय काय होतं, ते 10 नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवा, कारण मला आता त्या नऊ जणांना तोंड द्यायचं आहे. आणि सासूबाईंना मालकांनी स्वतः फोन करावा, मुलाकरवी नको. दुपारी चारनंतर त्या घरीच असतात. नंबर ऑर्डरवर आहे.

चिकनचे आणि गार्लिक ब्रेडचे पैसे मी मागत नाही. ब्रेड चांगला होता.

आपली,
31 ऑक्टोबरची ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, माझी तीन पानं (पुन्हा एकदा)