मुक्ता, आधी सरांना सांग

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मेसचं जेवण, आजीचा गुडघा, निनादची परीक्षा असं सगळं बोलून झालं आणि ठेवता ठेवता तू सांगितलंस, की एमसीएफ-७चे, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींचे, तीन फ्लास्क संसर्गानं गेले, ते टाकून दिलेस, आणि शनिवारी संध्याकाळी लॅबमध्ये कुणी नसतं तेव्हा गोठवलेल्या पेशींची नवीन व्हायल काढणार आहेस. वर म्हणालीस, "सरांना कशाला उगाच सांगायचं?" तिथेच काही बोलले असते तर "हो गं आई" म्हणून फोन ठेवला असतास, म्हणून मेल लिहितेय. मी रागावलेली नाही. पण सरांना सांग.

फ्लास्क जाणं हे सेल कल्चरमधलं नेहमीचं दुखणं आहे. त्यात तुझी काही अब्रू जात नाही. रात्रीतून मीडिया, म्हणजे पेशींचं खाद्यद्रव, पिवळा पडला, गढूळ झाला, आणि मायक्रोस्कोपखाली पेशींच्या मधल्या जागेत बारीक ठिपके वळवळताना दिसले म्हणजे ते बॅक्टेरिया. मीडियात फिनॉल रेड असतं, आम्ल वाढलं की ते पिवळं होतं, हे तुला माहीत आहे. बुरशी असती तर कापसासारखे पुंजके तरंगताना दिसले असते. पण तिन्ही फ्लास्क एकाच रात्रीत गेले, याचा अर्थ त्या तिघांना लागलेलं काहीतरी सामाईक आहे. मीडियाची बाटली, पेशी धुवायचं पीबीएस, त्या सुट्या करायचं ट्रिप्सिन, सीरम, नाहीतर तुझा पिपेट. त्यातलं जे असेल ते अजून त्या फ्रीजमध्ये आहे, आणि सोमवारी सकाळी शेजारच्या टेबलावरचा पीएचडीचा मुलगा ते उघडणार आहे. त्याचे चार महिने वाढवलेले पेशींचे क्लोन त्याच इनक्युबेटरमध्ये असतील. तू गप्प राहिलीस की त्याला कळायचा रस्ताच बंद होतो.

आता नेमकं काय करायचं ते सांगते. तुझ्या नावाच्या सगळ्या उघड्या बाटल्यांमधून तीन-चार मिली वेगवेगळ्या निर्जंतुक ट्यूबमध्ये घे, अँटिबायोटिक न घालता, आणि ३७ अंशांवर दोन-तीन दिवस ठेव. सोबत न उघडलेल्या बाटलीतला मीडिया एका ट्यूबमध्ये ठेव, तुलनेला. जी ट्यूब गढूळ होईल ती बाटली गुन्हेगार. ज्या बाटलीत आधीच अँटिबायोटिक घातलंय ती नितळ राहिली म्हणून सुटली असं समजू नकोस, ती टाकूनच दे. या ट्यूब पेशींच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या नाहीत, वेगळा लागेल, आणि तो कुठला हे सरांनाच विचारावं लागेल. इनक्युबेटरच्या तळाच्या ट्रेमधलं पाणी बदला, त्यात पुष्कळदा बुरशी धरलेली असते. शेल्फ काढून ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. वॉटर बाथचं पाणीही बदला. मीडिया गरम करताना बाटली मानेपर्यंत बुडवण्याची सवय पुष्कळांना असते, आणि झाकणाच्या फटीत शिरलेलं ते पाणी हुडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, झाकण उघडलं की आत जातं. बाटली पुसून, अल्कोहोल फवारून, मगच हुडमध्ये.

आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन दुप्पट घालून कल्चर वाचवायला जाऊ नकोस. त्यानं संसर्ग मरत नाही, दबून राहतो. मायकोप्लाझ्माला, त्या अगदी बारीक बॅक्टेरियाला, तर पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही करत नाही. मीडियात तो मिलीलिटरला कोटीच्या घरात असला तरी मीडिया नितळ दिसतो, पेशी वाढतात, फक्त जरा हळू, जरा वेगळ्या. तुझे सगळे आकडे चुकतात आणि का चुकले ते कळत नाही. पीसीआर किंवा डीएनए रंगवून पाहिल्याशिवाय तो सापडत नाही. पुष्कळदा तो माणसाच्या तोंडातूनच येतो, तेव्हा उघड्या फ्लास्कवर बोलायचं नाही. तुला बोलू नकोस असं मी याच एका ठिकाणी सांगीन.

हे सगळं सरांना न सांगता करता येईल असं तुला वाटत असेल. येत नाही गं.

सातवीत तू जिन्यावरून पडलीस तेव्हाचं आठवतं. दोन दिवस डाव्या हातानं जेवत होतीस आणि उजवा फ्रॉकच्या खिशात. आजीनं केस विंचरताना मनगट धरलं तेव्हा किंचाळलीस. हाड मोडलेलं होतं. बाबांनी विचारलं, सांगितलं का नाहीस, तर म्हणालीस, "तुम्ही सगळे घाईत होतात." बारा वर्षांच्या पोरीनं असं म्हणावं हे तुझ्या बाबांना अजून सहन होत नाही. आमच्या घरात तुझं ते गप्प राहणं समजूतदारपणात गणलं गेलं. लॅबमध्ये तो गुण धोक्याचा आहे. मी परत तिथंच आले. लेक्चर वाटत असेल तर माफ कर, पण पुढचं तरी नीट वाच, कारण ते व्हायलबद्दल आहे.

व्हायल काढायला एकटीनं जायचं नाही. शनिवारी नाही, संध्याकाळी नाही, "पाच मिनिटांचं काम" म्हणून तर नाहीच. व्हायल ज्यात ठेवतात तो द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. टाकीची खोली लहान, दार लावलेलं आणि पंखा बंद असेल तर हवेतला ऑक्सिजन उतरतो, आणि नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. माणूस थेट कोसळतो. दार उघडं ठेवायचं, ऑक्सिजनचा अलार्म चालू आहे का बघायचं, दुसरं माणूस दाराशी उभं. तोंडावर पूर्ण शील्ड, कारण व्हायल द्रवात बुडालेली असेल आणि झाकणातून थोडा जरी नायट्रोजन आत गेला असेल, तर बाहेर काढल्यावर त्याचा वायू होऊन ती फुटते. हातात थंडीचे जाड मोजे. निळे नायट्राइलचे पातळ मोजे घालून रॅक धरलास तर ते कातडीला चिकटतात. पायात सँडल नको.

पुढचं तुला येतं, तरी लिहिते. व्हायल लगेच ३७ अंशांच्या पाण्यात, झाकण पाण्याच्या वर. मिनिट-दीड मिनिटात आत बर्फाचा लहानसा खडा उरतो, तेव्हाच बाहेर. गोठवताना मिनिटाला एक अंश असं सावकाश, वितळवताना झटपट. गोठवणीच्या मिश्रणात पेशींना गोठताना जपणारं द्रावक, डीएमएसओ, १० टक्के असतं आणि ते उबेला आलं की पेशींना सोसत नाही. म्हणून नऊ-दहा मिली मीडियात थेंबाथेंबानं सोडायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जीला, म्हणजे गुरुत्वाच्या दोनशेपट, पाच मिनिटं फिरवायचं, वरचं ओतून नव्या मीडियात. एमसीएफ-७ उठायला वेळ घेते, पहिल्या दिवशी थोड्याच चिकटलेल्या दिसल्या तर घाबरून दुसरी व्हायल काढू नकोस.

आणि व्हायल म्हणजे लॅबचं बियाणं. किती उरल्यात, कितव्या पॅसेजच्या, म्हणजे कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या, कुणी गोठवल्या, हे रजिस्टरमध्ये असतं आणि त्यावर सरांचा हक्क असतो. न सांगता काढलेली एक व्हायल महिन्याभरानं मोजणीत कमी भरते. तेव्हा जे बोलणं होईल ते आजच्या बोलण्यापेक्षा कितीतरी कठीण असेल.

तुमच्याकडे हेलाही आहेत म्हणालीस. हेन्रिएटा लॅक्सच्या पेशी, १९५१च्या, बाल्टिमोरच्या. त्यांची वाढ इतकी जोमदार की एक थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी काही आठवड्यांत तिथं हेलाच उरतात. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या कितीतरी सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, प्रत्यक्षात हेला आहेत. लोकांनी त्यांवर वर्षानुवर्षं काम केलेलं होतं. तेव्हा हुडमध्ये एका वेळी एकच सेल लाइन, हेला सगळ्यात शेवटी, प्रत्येक लाइनची मीडियाची बाटली वेगळी. आणि चुकून पिपेट इकडचा तिकडे गेला असं नुसतं वाटलं, तरी तो फ्लास्क बाजूला ठेवून सांगायचं. वाटणं पुरेसं आहे, खात्री होईपर्यंत थांबायचं नाही.

तुझ्या गुळवेलीच्या अर्काबद्दल बोलायचं राहिलं होतं. आजी सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय की आमची मुक्ता कॅन्सरचं औषध शोधतेय. तिला सांगू दे, तिचा आनंद आहे. तुला मात्र माहीत हवं, की प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी मारणाऱ्या गोष्टी असंख्य आहेत. अर्क ज्यात विरघळवतेस ते डीएमएसओ नुसतं जास्त झालं तरी पेशी मरतात. म्हणून अर्काशिवाय तेवढंच डीएमएसओ घातलेले वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे, हवेतच, आणि त्याचं प्रमाण सगळ्या वेलमध्ये सारखं, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आसपास. दुसरं, वनस्पतींच्या अर्कात असे घटक असतात जे पेशी नसतानाही एमटीटी हा पिवळा रंग जांभळा करतात, एरवी ते काम जिवंत पेशींचं. म्हणजे पेशी मेल्या तरी रीडिंग जिवंत दाखवतं. पेशी न घालता नुसता मीडिया, अर्क आणि एमटीटी असे तीन वेल प्रत्येक मात्रेला ठेव. हे बहुतेक मुलं विसरतात आणि वाइवात, तोंडी परीक्षेत, नेमकं हेच विचारतात.

प्लेट भरताना मोजणी घाईनं करू नकोस. ट्रिप्सिनच्या आधी पीबीएसनं धू, मागं राहिलेलं सीरम ट्रिप्सिनला निकामी करतं. एमसीएफ-७ गुच्छानं वाढते, ते गुच्छ नीट सुटे झाले नाहीत तर मोजणी खोटी येते. ट्रायपॅन ब्लू हा रंग समसमान मिसळ, निळ्या त्या मेलेल्या, आणि फार वेळ ठेवलंस तर जिवंतही निळ्या होतात. मोजणीच्या काचेच्या चार कोपऱ्यांत मिळून जिवंत १६० आल्या तर सरासरी ४०, गुणिले २, गुणिले दहा हजार, म्हणजे मिलीला ८ लाख. त्यातला १ मिली घेऊन १० मिली केलास की १०० मायक्रोलिटरमध्ये ८ हजार पेशी, ९६ वेलच्या प्लेटला बेताच्या. मधूनमधून ट्यूब उलटीसुलटी कर, पेशी तळाला बसतात आणि शेवटच्या रांगेत दुप्पट पडतात. कडेच्या वेलमधलं पाणी उडून जातं, तिथं नुसतं पीबीएस भर आणि आतल्या ६० वेलमध्येच काम कर. आणि एकाच प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळा दिवस, वेगळा पॅसेज, असं तीनदा करशील तेव्हा एरर बारला अर्थ.

वही शाईच्या पेनानं. तारीख, पॅसेज नंबर, सीरमचा लॉट नंबर, मीडिया कधी उघडला. पान फाडायचं नाही, व्हाइटनर नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही. कालचे तीन फ्लास्कही त्या वहीत आले पाहिजेत, वेळेसकट, आणि टाकून दिले तेही. टाकले कसे हे तू सांगितलंच नाहीस. बेसिनमध्ये ओतले नसशील अशी आशा आहे. ताजं ब्लीच, एकूण द्रवाचा दहावा भाग, अर्धा तास, मग ओतायचे.

सरांना सांगायचं म्हणजे मोठं प्रकरण करायचं नाही. वही घेऊन जा आणि तीन वाक्यं बोल: "गुरुवारी रात्री माझे एमसीएफ-७चे तिन्ही फ्लास्क कंटॅमिनेट झाले. माझ्या सगळ्या बाटल्या मी बाजूला ठेवल्यात आणि तपासायला लावायच्या आहेत. नवीन व्हायल काढायची परवानगी हवी आणि सोबत कुणीतरी हवं." ते चिडले तर चिडू देत. दोन मिनिटं वाईट वाटेल. गाईडला काय हवं असतं ते मला ठाऊक आहे, सेल कल्चर हे माझं रोजचं काम आहे: ज्या विद्यार्थ्याचा वाईट निकाल त्याच दिवशी कळतो त्याच्या चांगल्या निकालावर विश्वास बसतो.

इतकी मुलं अर्ज करतात, त्यातून तुझी निवड झाली. बाबांनी ते पत्र देवघराच्या भिंतीला लावलंय, मला न विचारता. त्यांना कंटॅमिनेशनचं काही सांगितलेलं नाही, नायट्रोजनचं तर मुळीच नाही, नाहीतर उद्याच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ते पुण्यात हजर होतील.

हुरडा यंदा तुझ्याविना झाला. सुनीलमामा रविवारी येतोय, त्याच्याकडे शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि तुझा जुना स्वेटर देतेय. कल्चर रूम थंड असते, एप्रनखाली घाल. चटणीची बरणी हॉस्टेलवरच ठेव, लॅबच्या फ्रीजमध्ये खाण्याचं काही ठेवायचं नाही, एकदासुद्धा.

सरांशी बोललीस की मला "सांगितलं" एवढा एक शब्द पाठव. शनिवारच्या आत.

तुझी,
आई

ता. क. ब्लीच घातलेले फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये घालू नकोस, क्लोरीनची वाफ होते. एकतर ब्लीच, नाहीतर ऑटोक्लेव्ह. तिथं कोणती पद्धत आहे तेही सरांनाच विचार.