आतड्याची शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. कुत्र्यामांजरांच्या पोटाच्या शस्त्रक्रिया आज मी स्वतंत्रपणे करते, ते तुम्ही दिलेल्या शिक्षणाच्या बळावर. त्याबद्दलची कृतज्ञता जाहीरपणे व्यक्त करावी, म्हणून हे पत्र.

उलट्यांनी शोषलेला प्राणी घाईने टेबलावर घ्यायचा नाही, आधी त्याच्या शरीरातले पाणी आणि क्षार सावरायचे, हा तुमचा पहिला आग्रह. जठरातून पुढे जाणारा मार्ग अडला की उलटीवाटे आम्ल निघून जाते, क्लोराइड आणि पोटॅशियम घटतात, आणि अशा अवस्थेत भूल देणे धोक्याचे असते.

दोरा गिळलेल्या मांजरांबाबत तुम्ही जे शिकवलेत, त्याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठर आतड्यात उघडते त्या मुखाशी अडकते, नेफ्यात नाडा आवळावा तसे आतडे त्यावर चुण्या घालत गोळा होते आणि ताणलेला दोरा मेसेंटरीकडच्या, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याकडच्या, बाजूने भिंत कापू लागतो. म्हणून उलट्या करणाऱ्या प्रत्येक मांजराची जीभ उचलून पाहण्याची आणि लोंबणारा दोरा कधीही न ओढण्याची सवय तुम्ही आम्हाला लावलीत. अडकलेले टोक आधी सोडवायचे, आणि एकाच छेदातून सगळा दोरा खेचण्याऐवजी लागतील तितके छेद घ्यायचे, हेही तुमचेच.

आतड्याच्या भिंतीत टाक्याचा ताण पेलतो तो सबम्युकोसा, म्हणजे आतल्या अस्तराखालचा चिवट थर. तो सुईत आला नाही, तर वरून सुबक दिसणारा टाकाही सुटतो, हे तुम्ही आमच्याकडून पुन्हा पुन्हा शिवून घेत पटवून दिलेत. वस्तू अडकली असेल तर छेद ताणलेल्या, सुजलेल्या भागावर न घेता तिच्या पुढच्या, गुदद्वाराकडील निरोगी भागात घ्यायचा. शिवून झाल्यावर सलाईन भरून गळती तपासायची, ओमेंटम, म्हणजे पोटातला चरबीयुक्त पातळ पडदा, टाक्यांवर पसरायचे, आणि हातमोजे व अवजारे बदलूनच पोट बंद करायचे. काळपट आतडे पाहताच कापायला निघालेला आमचा हात तुम्ही कितीदा थांबवलात! अडथळा दूर करून, ओल्या कोमट कापडाखाली काही वेळ ठेवून, रक्तवाहिन्यांचे स्पंदन आणि आतड्याची हालचाल पाहिल्यावरच निर्णय घ्यायचा. नुसत्या रंगावर विसंबायचे नाही. या संयमामुळे वाचलेले आतडे मी स्वतः पाहिले आहे.

शस्त्रक्रियेनंतर प्राण्याला दीर्घकाळ उपाशी ठेवू नये, विशेषतः मांजराला, कारण त्याच्या यकृतात चरबी साठू लागते, असे तुम्ही बजावत असत. उलट्या नसतील तर साधारण 12 ते 24 तासांत थोडे अन्न द्यायला तुम्ही सांगितलेत. टाका सुटण्याचा धोका बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असतो, म्हणून घरी गेलेल्या प्रत्येक प्राण्याची त्या दिवसांत मी आजही स्वतः विचारपूस करते. ताप, मलूलपणा किंवा पुन्हा उलटी कळली, तर लगेच तपासायला बोलावते. हे तुमच्याकडून मिळाले, मॅडम, आणि त्यासाठी मी मनापासून आभारी आहे.

आपली विद्यार्थिनी