दुरुस्तीला दिलेले दाढीचे यंत्र शोभेचे करून परत दिल्याबद्दल तक्रार

दिनांक : 21 मे 2025
गिरगाव, मुंबई

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
अंधेरी

विषय : रोल्स रेझरचे पाते दुरुस्तीत निकामी झाल्याबद्दल तक्रार व भरपाईची मागणी

महोदय,

17 मार्च 2025 रोजी मी आपल्या अंधेरीच्या दुकानात माझ्या वडिलांचा रोल्स रेझर दुरुस्तीसाठी दिला. गुढीपाडव्यापर्यंत मिळेल असे सांगण्यात आले होते, तो 2 मे रोजी मिळाला. उशिराबद्दल माझी तक्रार नाही. जुने काम आहे, घाईने बिघडण्यापेक्षा वेळ लागलेला बरा, असे मीच आपल्या माणसाला फोनवर म्हणालो होतो. तक्रार आहे ती परत काय मिळाले याबद्दल. 4,200 रुपये घेऊन आपण माझ्या हातात एक चकचकीत डबी ठेवली आहे, आणि तिने दाढी होत नाही.

वस्तू देताना मी काउंटरवर उभा राहून जे सांगितले, ते आपल्या पावतीवर आपल्याच कर्मचाऱ्याच्या अक्षरात लिहिलेले आहे : "कातडे नवीन. पात्यावरचा गंज हाताने काढणे. मुलाम्याला हात लावू नये. दगड आहे तोच. रोजच्या वापरासाठी तयार करून देणे." पावतीची प्रत सोबत जोडली आहे. या पाच गोष्टींपैकी एकही झालेली नाही.

हे यंत्र कसे चालते ते थोडक्यात लिहितो, कारण ज्याने हे काम केले त्याला ते माहीत नसावे अशी माझी खात्री झाली आहे. चपट्या लांबट डबीच्या एका झाकणात दगड असतो, दुसऱ्यात कातडे. एक झाकण काढले की दुसऱ्यावर पाते चालते. मूठ पुढे-मागे सरकवायची, प्रत्येक फेरीच्या टोकाला पाते आपोआप कूस बदलते आणि खट्ट असा आवाज होतो. मग पाते काढून दाढीच्या मुठीला बसवायचे आणि दाढी करायची. फेकायचे ब्लेड यात नाहीच. एकच जाड, पोलादी, दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले पाते, आणि तेच जन्मभर पाजायचे, म्हणजे त्यालाच धार लावत राहायचे. म्हणजे या यंत्राचा जीव त्या पात्यात असतो, बाकी सगळी डबी त्याची चाकरी करायला असते. हाताने वस्तरा पाजताना कोन धरायचे कसब लागते, इथे तो कोन यंत्रच धरते. म्हणूनच दगड एका बाजूला केसभर जरी वर आला, तरी सगळे बिघडते.

वडिलांनी हा रेझर 1952 साली फोर्टमधल्या एका दुकानातून घेतला. गोदीत कारकून होते, सकाळी पावणेसातला आमच्या चाळीच्या गॅलरीत खट्ट-खट्ट सुरू झाले की शेजारी घड्याळ लावत. ते गेल्यावर गेली सव्वीस वर्षे मी त्यानेच दाढी करतो आहे. रोज कातड्यावर तीस फेऱ्या, पंधरा दिवसांनी दगडावर आठ-दहा. हे मुद्दाम सांगतो, कारण 5 मे रोजी मी फोन केला तेव्हा आपल्याकडच्या मुलाने मला सांगितले, "काका, हे वापरायचं नसतं, शोकेसमध्ये ठेवतात." मी त्याला दोष देत नाही, त्याला जे शिकवले तेच तो बोलला. पण मी शोकेसमध्ये ठेवायला काही दिले नव्हते. 2 मेपर्यंत, म्हणजे तो तुमच्याकडे असतानाचे सहा-सात आठवडे सोडले तर, ही रोजच्या वापरातली वस्तू होती.

दुरुस्तीला द्यायची वेळ का आली तेही लिहितो. मुंबईच्या पावसाळ्यात कातडे कितीही जपले तरी ते फुगते आणि वाळले की तडकते. यंदा मधोमध चीर पडली होती. पात्यावर मागच्या बाजूला गंजाचे चार-पाच ठिपके होते, धारेपासून लांब. दगडाचा एक कोपरा पूर्वीच उडालेला आहे, पण तो पात्याच्या वाटेत येत नाही, म्हणून त्याला हात लावू नका म्हटले होते. एवढेच काम होते.

आता परत काय आले ते सांगतो.

सर्वांत मोठे नुकसान पात्याचे. 3 मे रोजी सकाळी मी नेहमीप्रमाणे साबण लावून पहिला हात गालावर फिरवला. पाते कापत नव्हते, ओढत होते. हनुवटीखाली दोन ओरखडे आले, खुंट तसेच राहिले. गेल्या सव्वीस वर्षांत या पात्याने मला असे केलेले नाही. दाढी अर्धी टाकून, तोंड पुसून मी ते खिडकीत नेले आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले. धार सरळ नव्हती, करवतीच्या दातांसारखी तुटलेली होती. पात्याच्या दोन्ही अंगांवर आडव्या रेघा होत्या, चाकावर घासल्यावर पडतात तशा. आणि मूठ जिथे अडकते त्या टोकाशी, चकाकी पोहोचली नाही अशा सांदीत, नखाएवढा निळा डाग होता.

त्या निळ्या डागाचा अर्थ कोणताही लोहार सांगेल. पोलाद तापले की आधी गवती पिवळे दिसते, मग तपकिरी, मग जांभळट, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळे. वस्तऱ्याच्या पोलादाला जे पाणी दिलेले असते, म्हणजे तापवून विझवून जो कठीणपणा आणलेला असतो, तो एवढ्या उष्णतेत टिकत नाही, पोलाद मऊ पडते. पाते धारेकडे कागदासारखे पातळ असते, त्यामुळे फिरत्या चाकाला ते क्षणभर जास्त टेकले तरी पुरते. आपल्याकडे पाते चाकावर घासले गेले, निळे पडले, आणि नंतर पॉलिश करून तो निळा रंग पुसला गेला. रंग पुसला म्हणून गेलेले पाणी परत येत नाही. ही गोष्ट चुकून झाली असेल तर मी समजू शकतो. पण डाग पुसून, पाते मखमली पिशवीत घालून, "धार तपासली" असा शिक्का मारून ते मला दिले गेले, हे मला समजत नाही.

खात्री करून घ्यावी म्हणून मी ते आमच्या गल्लीतल्या जुन्या नाभिकाला दाखवले. त्यांच्या दुकानात आता सगळ्यांसारखे अर्धे ब्लेड घालायचे वस्तरे आहेत, पण त्यांचे हात निसण्याच्या दगडावर आणि कातडी पट्ट्यावर तयार झालेले. त्यांनी धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली, डोक्यावरचा एक केस उपटून धारेवर धरला, तो कापला गेला नाही. मग माझ्यासमोर त्यांच्या बारीक दगडावर वीस हात दिले, धार पुढे ठेवून, आणि पट्ट्यावर धार मागे ठेवून चाळीस. केस कापला गेला. मला वाटले, वाचले. त्याच पात्याने त्यांनी माझ्या एका गालाची दाढी केली. दुसऱ्या गालाला येईपर्यंत धार गेली होती. "पाणी उतरलंय, भाऊ," एवढेच ते म्हणाले, आणि पैसे घेतले नाहीत.

आपण म्हणाल, मऊ झालेला भाग घासून मागे न्या, आत कठीण पोलाद लागेल. साध्या वस्तऱ्यात ते एखादे वेळी जमते. इथे पात्याची रुंदी कमी झाली की यंत्राने धरलेला कोन बदलतो, पाते दगडाला नीट टेकत नाही. आणि नव्याने पाणी द्यायचे म्हटले, तर पाते लालभडक तापवून विझवावे लागेल, त्यात एवढे पातळ पाते सरळ राहण्याची आशा नाही. नवे पाते मागवावे तर कुठून? इंग्लंडमधली ती रोल्स रेझर कंपनी 1964 साली बुडाली. मोटारीच्या रोल्सशी तिचा काही संबंध नव्हता, हे आपल्या बिलावर "रोल्स रॉइस शेव्हर" असे छापले आहे म्हणून सांगतो.

दुसरे, दगड. माझा दगड काढून तिथे कसलासा करडा, खरखरीत तुकडा चिकटवला आहे. मी धारेवर दोन्ही बाजूंनी काळ्या मार्करची रेघ ओढली आणि दगडावर चार फेऱ्या केल्या. शाई फक्त एका टोकाची, बोटभर लांबीची पुसली गेली, बाकी पात्याला दगड शिवलाच नाही. म्हणजे दगड तिरका बसवला आहे. ही तपासणी करायला दोन मिनिटे आणि दहा रुपयांचा मार्कर लागतो. आपल्या कारखान्यात ती कोणी केली असती तर ही वस्तू माझ्याकडे अशी आली नसती.

तिसरे, कातडे. ते कातडे नाहीच. कोपरा नखाने उचलून पाहिला, खाली कापडाची जाळी दिसते, रेक्झिन आहे. खाली गोंदाच्या गाठी राहिल्या आहेत, बोट फिरवले तर लागतात. पाते पाजायचा पट्टा सपाट आणि थोडा ओढ घेणारा हवा, यावर पाते नुसते घसरते.

मुलाम्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याने दाढी अडत नाही. झाकणावरची नक्षी घासून पुसट केली आहे आणि कडांना निकेल जाऊन आतला पिवळा धातू दिसतो आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला वडिलांनी दाभणाने आपली आद्याक्षरे कोरली होती. तीही गेली. ती पावतीवर लिहायची राहिली, पण "मुलाम्याला हात लावू नये" हे लिहिले होते, आणि तेवढे पाळले असते तर ती राहिली असती.

आणि तो आवाज. आता खट्ट होत नाही. पाते वळताना किरकिर होते, एका टोकाला अडकते, मूठ ढकलावी लागते. पॉलिशची पूड यंत्राच्या दात्यांत तशीच राहिली आहे, मी काडीला कापूस लावून काढली तेव्हा कापूस हिरवा झाला.

मी 5 मे रोजी फोन केला, 7 मे रोजी फोटोंसह ईमेल केला. उत्तर आले की जुन्या वस्तूंच्या "कामगिरीची हमी" दिली जात नाही, हवे असल्यास पुन्हा पॉलिश मोफत करून देऊ. आपल्या दुकानाच्या दारावर आणि पावतीच्या डोक्यावर मात्र "दाढीसाठी तयार" असे छापलेले आहे. हमी नसेल तर ते छापू नये. छापले असेल तर निदान एका माणसाने, एकदा तरी, त्या पात्याने दाढी करून पाहावी.

माझे म्हणणे असे आहे. भरलेले 4,200 रुपये परत मिळावेत. माझा मूळ दगड परत मिळावा. तो उडालेल्या कोपऱ्यावरून सहज ओळखता येईल, आणि जुने भाग मला न विचारता टाकून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. जुने तडकलेले कातडेही असेल तर द्यावे, नव्याच्या मापासाठी ते लागेल. पात्याच्या बदल्यात याच जातीचे, न तापवलेले, वापरण्याजोगे पाते आपण मिळवून द्यावे, नाहीतर त्याची किंमत द्यावी. मी स्वतः चोरबाजारात मटण स्ट्रीटला दोन शुक्रवार फिरलो. एक पूर्ण संच दिसला, त्याच्या पात्याची धार दोन ठिकाणी उडालेली होती आणि तरी 2,500 रुपये सांगितले. चांगल्या पात्याला काय पडेल याचा आपणच हिशेब करावा. शिवाय हे काम कोणी, कोणत्या साधनांनी केले ते लेखी कळवावे. पॉलिश करण्यासाठी मी ही वस्तू पुन्हा आपल्याकडे देणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर आले नाही, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मुंबईतल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी निवृत्त आहे, तारखांना हजर राहायला मला अडचण नाही.

आपल्या दुकानात त्या दिवशी काचेच्या कपाटावर अजून सहा-सात वस्तरे चिठ्ठ्या बांधून ठेवलेले मी पाहिले. एकाच्या चिठ्ठीवर "आजोबांचा" असे लिहिले होते. ते अजून आपल्याकडे असतील तर कृपा करून चाकावर घेऊ नका. ओल्या दगडावर हाताने घ्या, पाणी टाकत राहा, वेळ लागला तर त्या लोकांना तसे सांगा.

सोबत : पावती, बिल आणि आपल्या ईमेल-उत्तराच्या प्रती, पाते, दगड व कातड्याचे नऊ फोटो. पाते माझ्याकडे आहे, आपला माणूस घरी येऊन पाहू शकतो.

कळावे,

आपला,
(सही)
पावतीवर नाव-पत्ता असलेला ग्राहक, गिरगाव